हात पोहोचेल एवढी जागा

माझा कॉम्प्युटर मॉनिटरच्या पायाशी, टेबलाच्या कडेला बसलेला असतो. तळहातावर मावेल एवढा डबा. पुढून पाहिलं तर गुळगुळीत भिंत आणि एक बारीकसा पांढरा दिवा, बाकी काही नाही. सगळी भोकं मागे. पेनड्राइव्ह लावायचा तर डबा डाव्या हाताने धरून ठेवायचा, नाहीतर तो पुढे सरकतो, आणि उजवा हात मागे न्यायचा. मग बोटांनी ओळखत जायचं. आधी लागतं विजेच्या वायरीचं गोल टोक. त्याला धक्का लावायचा नाही. पुढे नेटवर्क केबलचं चौकोनी टोक आणि त्याच्यावरची ती दबणारी प्लास्टिकची जीभ. मग मॉनिटरकडे जाणारी एचडीएमआयची जाड वायर. त्याच्या पलीकडे दोन चपट्या फटी, त्यातली एक भरलेली. नखाला रिकामी फट लागली की पेनड्राइव्ह तिच्यावर टेकवायचा आणि हलकेच दाबून बघायचं.

रोजचंच असल्यामुळे हे आता न बघता होतं. एकदा मात्र चुकलं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. त्या दिवशी एक लांबलचक प्रकरण वाचून संपवलं होतं, ते बाहेरच्या डिस्कवर उतरत होतं, आणि मी मागे चाचपडत असताना नेमकी त्या डिस्कची केबल सैल झाली. चाळीस मिनिटांचं वाचन गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, पण पहिल्या वेळी लागलेला सूर काही लागला नाही. ते प्रकरण आजही ऐकलं की मला फरक कळतो. ऐकणाऱ्यांना कळत नसेल, अशी आशा आहे.

तेव्हापासून एखाद्या छोट्या डेस्कटॉपची पुढची आवृत्ती येणार असं कानावर आलं की प्रोसेसरचा वेग मी सगळ्यांत शेवटी बघते. आधी बघते ते पुढच्या अंगाला काय आहे, आणि मग डबा उलटा करून खालच्या अंगाला काय आहे.

असे डबे वापरणाऱ्या लोकांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. नव्या आवृत्तीत काय हवं म्हणून विचारलं तर सुरुवातीला सगळे वेगाबद्दल बोलतात, कारण तेच बोलायचं असतं. थोडा वेळ गेला की खरं मागणं बाहेर येतं. कुणाला कार्डाची खाच पुढे हवी असते. कुणाला बटण दिसेल अशा जागी हवं असतं. कुणाला डिस्क बदलायची असते, कुणाला नुसती धूळ काढायची असते. मागण्या वेगवेगळ्या वाटतात, पण प्रत्येकीत एक हात असतो आणि त्या हाताला कुठेतरी जायचं असतं.

या जातीतला सगळ्यांत नावाजलेला डबा म्हणजे ॲपलचा मॅक मिनी. ११ जानेवारी २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी तो पहिल्यांदा दाखवला. साडेसोळा सेंटिमीटर लांबी-रुंदी, पाच सेंटिमीटर उंची. सोबत मॉनिटर, कीबोर्ड, माउस काहीच नाही. तुमच्याकडे आहेत तेच जोडा. कल्पना फार सुंदर होती, कारण लोकांकडे आधीपासून असलेल्या वस्तूंचा तिने मान ठेवला होता. पण तेव्हापासून २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, त्या डब्याच्या पुढच्या बाजूला एकही पोर्ट नव्हतं. २०१० मध्ये त्याला कॅमेऱ्याच्या कार्डासाठी खाच मिळाली, तीही मागे. २०१८ मध्ये तीसुद्धा गेली.

२०२४ च्या आवृत्तीत दोन यूएसबी-सी आणि हेडफोनचं एक भोक पुढे आलं. त्याचं चित्र पाहिलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी टेबलापाशी बसणाऱ्या माणसाच्या बाजूने डब्याकडे पाहिलं होतं. मग पुढचं वाचलं. चालू करायचं बटण आता तळाला होतं, मागच्या कोपऱ्यात. म्हणजे डबा थोडा उचलायचा आणि खाली बोट घालायचं. पुढे जे दिलं ते खालून काढून घेतलं. डब्याच्या बाजूने दाबता येईल अशी प्लास्टिकची तरफ लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर बनवून घेतली, यातच सगळं आलं.

यावर हमखास उत्तर मिळतं की आजकाल कॉम्प्युटर बंद कोण करतं, तो झोपतो आणि उठतो. खरं आहे, चांगल्या दिवशी बटण लागत नाहीच. पण यंत्र गोठतं तेव्हा तेच एक बटण उरतं. ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेतल्या चिपच्या मॅकमध्ये दुरुस्तीच्या पडद्यावर जायचं तर हेच बटण दाबून धरावं लागतं. आधीच जीव टांगणीला लागलेल्या माणसाला डबा एका हाताने तिरका धरून, मागच्या सगळ्या वायरी ताणल्या जाऊ न देता, खालचं बटण दहा-बारा सेकंद दाबून धरायला सांगणं मला पटत नाही. पुढच्या आवृत्तीकडून माझी पहिली मागणी एवढीच: बटण बोटाला सापडू दे.

२०२४ च्या मिनीतून गेलेल्या यूएसबी-ए बद्दल, म्हणजे जुन्या चपट्या यूएसबीबद्दल, मी वाद घालणार नाही. ते १९९६ पासूनचं भोक आहे, कधीतरी जाणारच. पण माझा मायक्रोफोन त्याच टोकाचा आहे आणि तो अजून उत्तम चालतो. एक भोक ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे तिकडे येते.

माझा पहिला छोटा कॉम्प्युटर २०१२ चा मॅक मिनी होता. त्या घडणीच्या डब्यांना तळाला एक गोल काळं झाकण असे. त्यावर अंगठ्यांसाठी दोन खळगे. अंगठे ठेवून झाकण जरासं फिरवलं की ते सुटून हातात यायचं. स्क्रू नाही, चिकटवलेलं काही नाही. आत डोळ्यांसमोर पंखा आणि त्याच्या शेजारी रॅमच्या, म्हणजे चालू काम हाताशी ठेवणाऱ्या मेमरीच्या, दोन पट्ट्या, एकीवर एक. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे धातूचे चिमटे बोटांनी बाहेर सारले की पट्टी आपोआप तिरकी उचलली जायची. नवी पट्टी त्याच तिरकस कोनात आत सरकवायची, सोनेरी कडा दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग खाली दाबायची. टक्. तो आवाज मला अजून आठवतो. मी चार जीबीचे सोळा जीबी केले तेव्हा या विषयातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. झाकणानेच मला सांगितलं होतं की इथे हात घातला तर चालेल.

त्या एका टक् आवाजावर तो कॉम्प्युटर आणखी किती वर्षं चालला, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पुष्कळ चालला.

नंतर घेतलेला, म्हणजे आता टेबलावर असलेला, दुसऱ्या एका कंपनीचा. मी नवा घ्यायचं ठरवलं तेव्हा हा भाचीला द्यायचा, असा बेत होता. ती व्हिडिओ संकलन शिकते आहे. आठवडाभर तिने काम करून पाहिलं. दोन दृश्यं एकमेकांवर चढवली की चित्र अडखळायचं, आवाज पुढे जायचा आणि ओठ मागे राहायचे. तिने कारण शोधून काढलं आणि मला फोन केला.

"मावशी, प्रोसेसर छान आहे गं. नुसती रॅम कमी पडतेय. तू तुझ्या जुन्यात घातली होतीस ना, तशी यात घालून दे ना."

मला वाटलं, हे तर मला येतं. तळाचे रबरी पाय सोलून काढले, त्याखालचे स्क्रू काढले, झाकण उचललं. आत पट्टी नव्हतीच. प्रोसेसरच्या शेजारी चार काळे चौकोन, बोर्डावर डाग देऊन कायमचे बसवलेले. खाच नाही, चिमटे नाहीत, बोटाने धरावं असं काही नाही. भाची माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी झाकण परत लावलं. पाय पुन्हा चिकटवले, त्यातला एक नीट बसला नाही. तेव्हापासून डबा सरकतो. तो माझ्याकडेच राहिला, कारण आवाजाच्या कामाला आठ जीबी पुरतात. निरोगी यंत्र, पण दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडायचं नाही.

मुलांना कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत असं म्हणतात. कपड्याला निदान दुमड ठेवता येते, उसवून लांबी वाढवता येते. रॅम बोर्डाला डाग देऊन बसवलेली असली की आपलं काम पाच वर्षांनी किती वाढेल याचा अंदाज घेण्याच्या दिवशीच बांधावा लागतो. चुकलो की चुकलो. आणि माणसं बहुधा कमीच घेतात, कारण वाढीव रॅम कंपनीकडूनच घ्यावी लागते आणि तिचा भाव अंगावर येतो.

हे कंपन्या निव्वळ हावरेपणाने करतात असं म्हणणं मात्र खोटं होईल. रॅम जितकी प्रोसेसरच्या जवळ आणि वाट जितकी आखूड, तितकी माहितीची ने-आण जलद. एम-१ चिपमध्ये ही ने-आण सेकंदाला ६८ जीबीच्या आसपास होती, एम-४ मध्ये १२० जीबी, आणि एम-४ प्रोमध्ये २७३ जीबी. डीडीआर-५ या प्रकारच्या रॅमच्या ५६०० वेगाच्या दोन सुट्या पट्ट्या मिळून ९० जीबीच्या जवळ जातात. चित्र काढणारा भाग आणि गणित करणारा भाग एकाच साठ्यातून घेतात, म्हणून हा वेग लागतो. दुरुस्त करता येणारे लॅपटॉप बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ मध्ये आपला छोटा डेस्कटॉप जाहीर केला, तेव्हा त्यांनीही रॅम बोर्डालाच जोडलेली होती. एएमडीच्या त्या चिपला सुटी रॅम जोडून पुरेसा वेग मिळत नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

म्हणून त्या बाबतीत माझी मागणी मी बदलली आहे. रॅम जोडायचीच असेल तर सगळ्यांत साध्या मॉडेलातही भरपूर द्या. मॅक मिनीने २०२४ मध्ये सुरुवातच १६ जीबीपासून केली, ते योग्य केलं. पुढच्या वेळी तिथेच अडून राहू नये. आणि दुसरा रस्ताही तयार होतो आहे. कॅम-२ नावाची रॅमची नवी घडण २०२३ च्या डिसेंबरात जेडेक या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केली. ती बोर्डावर सपाट ठेवून स्क्रूने आवळायची असते. खाचेत उभी-तिरकी खुपसायची नसल्यामुळे वाट आखूड राहते आणि तरीही काढता येते. २०२४ मध्ये काही लॅपटॉपमध्ये ती आलीसुद्धा. छोट्या डेस्कटॉपमध्ये ती बघायला मिळाली तर मी भाचीला घेऊन बसेन आणि तिलाच ते स्क्रू आवळायला लावेन.

डिस्कला मात्र ही सबब लागू होत नाही. एम-डॉट-टू या डिस्कच्या पट्टीच्या नावातच तिचं माप असतं: २२८० म्हणजे बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी मिलिमीटर लांब. पावणेतेरा सेंटिमीटरच्या डब्यात आठ सेंटिमीटरची पट्टी मावत नाही असं कुणी म्हणू नये. इंटेलचे नक नावाचे डबे त्याहून लहान होते आणि तळाच्या चार पायांतले चार स्क्रू सैल केले की रॅमही मिळायची आणि डिस्कही. २०२३ मध्ये इंटेलने तो उद्योग सोडला आणि आसुसने पुढे चालवायला घेतला, म्हणून ती रीत टिकली. २०२४ च्या मॅक मिनीत डिस्क वेगळ्या तुकड्यावर आहे खरी, निघतेही, पण तो तुकडा त्यांच्याच घाटाचा. बाजारातली साधी पट्टी तिथे बसत नाही, आणि बदलल्यावर दुसरा मॅक जोडून यंत्रणा पुन्हा भरावी लागते. अर्धं दार उघडलं आहे. २५६ जीबीवर सुरू होणाऱ्या यंत्राला पूर्ण उघडं दार हवं. माझ्यासारखीचं एकेक पुस्तक कच्च्या ध्वनीसकट कित्येक जीबी खातं, आणि म्हणून ती बाहेरची डिस्क, ती मागची केबल आणि ती गेलेली चाळीस मिनिटं.

आवाजाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण माझं कामच ते.

लहान डब्यात लहान पंखा असतो, आणि लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला फार जोरात फिरावं लागतं. पंख्याचा व्यास निम्मा केला आणि फेरे तेवढेच ठेवले तर हवा साधारण एक अष्टमांशच जाते. मग फेरे वाढवायचे, आणि आवाज खर्जातून वर चढत शिट्टीकडे जातो. मोठ्या पंख्याचा घरघराट ध्वनिमुद्रणातून गाळता येतो. ही शिट्टी 'स' आणि 'श'च्या प्रदेशात येऊन बसते. तिला काढायला गेलं की शब्दांची धार जाते. म्हणून मी वाचायला बसते तेव्हा डब्याखाली नमद्याचा जाड तुकडा घालते, बाकीचे सगळे प्रोग्राम बंद करते आणि पंखा शांत होईपर्यंत तीन-चार मिनिटं गप्प बसते. त्या वेळात पहिलं पान मनातल्या मनात वाचून होतं.

गेल्या काही वर्षांत खरी सुधारणा इथे झाली आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. २०१८ चा इंटेल चिपचा मॅक मिनी पूर्ण ताणावर १२२ वॉटपर्यंत वीज घ्यायचा. २०२० चा एम-१ वाला ३९ वॉटमध्ये भागवायचा. उष्णताच कमी, तर पंख्याला घाई कशाला? पण आता चिपा पुन्हा तापू लागल्या आहेत, कारण लोकांना भाषेची मोठी एआय मॉडेलं घरच्या डब्यावर चालवायची आहेत. त्यांची मागणी मला समजते. मी वाचलेल्या मजकुराचा आवाज साफ करणं, चुकलेला शब्द शोधणं ही कामं माझ्याच टेबलावर व्हावीत, बाहेरच्या कुणाच्या यंत्रावर जाऊ नयेत, असं मलाही वाटतं. सत्तर अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे तेवढ्या आकड्यांचं, मॉडेल प्रत्येक आकडा चार बिटांत दाबून बसवलं तरी नुसतं साठवायला ३५ जीबी रॅम लागते. ते डबे तापणारच. मग त्यांना मोठा, संथ पंखा द्या, आणि मी वाचत असताना त्याला वर चढू न देण्याचा हक्क मला द्या. थोडं हळू चाललेलं मला चालेल.

त्यासाठी डबा किंचित मोठा झाला तरी माझी हरकत नाही. २०१० ते २०२३ पर्यंतचा मिनी सुमारे १.४ लिटरचा होता, आताचा ०.८ लिटरचा. टेबलावरची जागा निम्म्याहून कमी झाली. छान दिसतो. पण अजून लहान करा असं म्हणणारं मला आजवर कुणी भेटलेलं नाही. मागच्या बाजूला दोन केबलींच्या मध्ये बोट जाईल एवढं अंतर मात्र कितीतरी जणांनी मागितलं आहे.

विजेच्या विटेबद्दल, म्हणजे बाहेरच्या अडॅप्टरबद्दल, थोडक्यात. पॉवर सप्लाय डब्याच्या आत असावा असं बहुतेकांना वाटतं, आणि दिसायला ते नीटसही आहे. मी उलट मताची आहे. माझ्या डब्याची बाहेरची वीट एकदा जळली. तेवढ्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर लावला आणि संध्याकाळी वाचायला बसले. तो भाग आत असता तर सगळा डबा दुरुस्तीला गेला असता. २०२१ पासून यूएसबी-सी केबलमधून २४० वॉटपर्यंत वीज नेता येते. पुढच्या डब्याला मॉनिटरकडूनच वीज मिळावी, चित्रही त्याच केबलमधून जावं, आणि मागची गर्दी एका वायरीवर यावी.

जुना मिनी अजून माझ्याकडे आहे. त्यावर ध्वनिमुद्रित केलेल्या पुस्तकांच्या प्रती ठेवते. गेल्या महिन्यात तो घरघरायला लागला, तेव्हा भाची आलेली होती. मी तो उलटा करून तिच्यापुढे ठेवला, काही सांगितलं नाही. तिने झाकणावर हात फिरवला, दोन खळगे सापडले, अंगठे ठेवले आणि फिरवलं. झाकण हातात आलं.

"एवढंच?"

पंख्याच्या पात्यांवर राखाडी धूळ साचली होती, मऊ लोकरीसारखी. एक पातं बोटाने धरून, दुसऱ्या हातातल्या रंगाच्या ब्रशने ती एकेक पातं झाडत गेली. मग रॅमच्या पट्ट्यांकडे बघून म्हणाली, "ह्या तू घातलेल्या?" मी हो म्हटलं. तिने चिमटे बाहेर सारून वरची पट्टी काढली, उजेडात धरून पाहिली आणि परत बसवली.

टक्.

झाकणाच्या कडेला एक ठिपका आहे आणि डब्याच्या तळावर एक. ते जुळवून ठेवायचं आणि परत फिरवायचं, एवढं मात्र मला तिला दाखवावं लागलं.